मुलांच्या मनावरची औषध-चाचणी वाचताना आधी प्रोटोकॉल उघडा

जुलै २००१ मध्ये अमेरिकेतल्या बाल आणि किशोर मानसोपचार अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक म्हणून २२ जणांची नावं होती. १२ ते १८ वयाची, नैराश्याचं निदान झालेली २७५ मुलं, अमेरिका-कॅनडातली १२ केंद्रं, आठ आठवड्यांची चाचणी. ९३ मुलांना पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध, ९५ जणांना इमिप्रामीन हे जुनं औषध आणि ८७ जणांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. सारांशाच्या शेवटी निष्कर्ष होता की पॅरॉक्सेटीन किशोरवयातल्या नैराश्यावर परिणामकारक आहे आणि मुलांना साधारणपणे सोसतं. कंपनीने आपल्या विक्री प्रतिनिधींना पाठवलेल्या टिपणात तर ही परिणामकारकता 'उल्लेखनीय' ठरली. २००२ या एका वर्षात अमेरिकेत मुलांसाठी या औषधाची २० लाखांहून जास्त प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली.

या चाचणीचं नाव स्टडी ३२९. ती स्मिथक्लाइन बीचम या कंपनीच्या पैशातून १९९४ ते १९९८ दरम्यान झाली. हीच कंपनी पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनमध्ये विलीन झाली. खटल्यांमुळे या चाचणीची जवळपास सगळी कागदपत्रं बाहेर आली: मूळ प्रोटोकॉल, म्हणजे चाचणी सुरू होण्याआधी लिहिलेला तिचा आराखडा, आणि अंतर्गत टिपणं. पुढे एकेका मुलाची नोंदपत्रंसुद्धा बाहेरच्या संशोधकांना बघता आली. बालमानसोपचारातली इतकी उघडी पडलेली दुसरी चाचणी सापडणं कठीण. त्यामुळे चाचणी कशी वाचावी, हे एमडीच्या विद्यार्थ्याला, शाळेतल्या समुपदेशकाला किंवा मुलाच्या हातात गोळी देण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ पाहणाऱ्या पालकाला दाखवायचं असेल, तर मी स्टडी ३२९ पासूनच सुरुवात करेन.

सगळ्यात आधी प्रायमरी आउटकम बघायचा. चाचणी सुरू होण्यापूर्वी संशोधकांनी लिहून द्यायचं असतं की औषध चाललं की नाही, हे आम्ही अमुक एका मापावर ठरवू. ते माप म्हणजे प्रायमरी आउटकम. स्टडी ३२९ च्या प्रोटोकॉलमध्ये अशी दोन मापं होती. पहिलं म्हणजे हॅमिल्टन नैराश्य श्रेणीवरच्या, म्हणजे डॉक्टर मुलाखत घेऊन भरतात त्या हॅम-डीवरच्या, एकूण गुणांत झालेली घट. दुसरं म्हणजे 'प्रतिसाद' दिलेल्या मुलांचं प्रमाण. प्रतिसादाची व्याख्याही ठरलेली होती: गुण निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरले, अथवा ८ किंवा त्याखाली आले. या दोन मापांखाली सहा दुय्यम मापं होती, म्हणजे एकूण आठ.

या आठांपैकी एकाही मापावर पॅरॉक्सेटीन प्लासिबोपेक्षा सांख्यिकीय अर्थाने सरस ठरलं नाही.

मग परिणामकारकता आली कुठून? निबंधात चार मापांवर फायदा दाखवला होता. हॅम-डी ८ किंवा खाली असलेल्यांचं प्रमाण, हॅम-डीमधला खिन्न मनःस्थितीचा एकच प्रश्न, के-सॅड्स-एल या मुलाखतीतला तसाच एक प्रश्न, आणि डॉक्टरच्या एकंदर मतानुसार 'खूप सुधारला' किंवा 'फारच सुधारला' असा शेरा मिळालेल्यांचं प्रमाण. ही चारही मापं प्रोटोकॉलमधल्या त्या आठांत नव्हती. ज्युरेडिनी, मॅकहेन्री आणि मॅन्सफिल्ड यांनी २००८ मध्ये कागदपत्रं ताडून पाहिली, तेव्हा एकूण २७ मापं तपासलेली दिसली आणि त्यांतली चार सकारात्मक निघाली.

या चारांतल्या पहिल्या मापाकडे जरा जवळून बघा. प्रोटोकॉलच्या व्याख्येप्रमाणे प्रतिसाद दिलेली मुलं पॅरॉक्सेटीन गटात ६६.७ टक्के आणि प्लासिबो गटात ५५.२ टक्के होती. पी व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.११. ती रूढ ०.०५ च्या रेषेबाहेर. आता व्याख्येतला 'निम्म्याने उतरले' हा अर्धा भाग काढा आणि फक्त '८ किंवा खाली' ठेवा. प्रमाण होतं ६३.३ टक्के विरुद्ध ४६ टक्के, आणि पी व्हॅल्यू ०.०२. मुलं तीच आणि गोळ्याही त्याच. वाक्यातला एक तुकडा गळला आणि उत्तर फिरलं. निकाल हाती आल्यावर माप निवडणं म्हणजे वरातीमागून घोडं. फरक इतकाच, की छापील निबंधात ते घोडं वरातीच्या पुढे चाललेलं दिसतं.

यामागचं गणित अवघड नाही. औषधाचा काहीच परिणाम नसताना एका मापावर निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाचा फरक' दिसण्याची शक्यता ५ टक्के धरतात. एकमेकांशी संबंध नसलेली आठ मापं घेतली, तर किमान एकावर खोटा फरक दिसण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ३४ टक्के होते. २७ मापं घेतली तर ती ७५ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात नैराश्याची मापं एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी येतो. पण त्याच जोडलेपणामुळे आणखी एक फसगत होते. एका मापावर योगायोगाने फरक दिसला, की त्याच्या भावंडांवरही तो दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं, चार वेगवेगळे पुरावे मिळाले. वरच्या चारांतले दोन तर एकाच गोष्टीबद्दलचे प्रश्न आहेत, फक्त प्रश्नावल्या वेगळ्या.

मूळ निबंधाच्या त्याच सारांशात आणखी एक वाक्य आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलांनी स्वतः भरलेल्या आणि पालकांनी भरलेल्या मापांवर दोन्हीपैकी कोणतंच औषध प्लासिबोपेक्षा वेगळं ठरलं नाही, असं ते सांगतं. म्हणजे फरक दिसला तो फक्त डॉक्टरांच्या नजरेला. तो मुलाला स्वतःला जाणवला नाही आणि घरात आईलाही दिसला नाही.

मोठ्यांच्या चाचण्यांत हा प्रश्न इतका टोकाचा नसतो. मुलांच्या बाबतीत मात्र माहिती देणारे तीन-चार जण असतात आणि त्यांचं आपसात फारसं जुळत नाही. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतल्या दोघांच्या मतांतला सहसंबंध ०.६० होता (१ म्हणजे मतं तंतोतंत जुळतात, ० म्हणजे अजिबात जुळत नाहीत). पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतला ०.२८. मूल स्वतः आणि इतर मोठी माणसं यांच्यातला ०.२२. यात कोणी खोटं बोलत नसतं. शिक्षिकेला वर्गात दिसणारं मूल आणि रात्री अंथरुणात जागं असलेलं मूल यांत तेवढं अंतर असतंच. पण म्हणूनच कोणाचं उत्तर मोजायचं, हे आधी ठरवून लिहिलेलं हवं. सगळ्यांना विचारायचं आणि शेवटी ज्याचं उत्तर सोयीचं पडलं त्याचं छापायचं, ही पळवाट मुलांच्या संशोधनात कायम उघडी असते.

माप कोणतं निवडलं, यावरही बरंच अवलंबून असतं. हॅम-डी ही श्रेणी १९६० मध्ये मोठ्या माणसांसाठी तयार झाली. मुलांसाठी आता सहसा सीडीआरएस-आर वापरतात. तिच्यात १७ प्रश्न असतात आणि एकूण गुण १७ ते ११३ या पट्ट्यात येतात. इथे एक चूक प्रबंधांत अगदी सहज होते. या श्रेणीत शून्य नाही. एकही लक्षण नसलेल्या मुलालाही १७ गुण मिळतात. म्हणून टक्केवारीत घट काढताना आधी १७ वजा करावे लागतात. समजा, एका मुलीचे गुण ६० वरून ३८ वर आले. सरळ भागलं तर घट ३७ टक्के, म्हणजे प्रतिसाद नाही. १७ वजा करून बघा: ४३ वरून २१, म्हणजे ५१ टक्के, म्हणजे प्रतिसाद आहे. कोणती रीत वापरली हे न सांगणाऱ्या निबंधातल्या प्रतिसादाच्या आकड्यावर विसंबून राहू नका.

आता प्लासिबोकडे. २०१५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्टडी ३२९ चं पुनर्विश्लेषण छापून आलं, मूळ प्रोटोकॉलमधल्या मापांना धरून. हॅम-डीवरची घट पॅरॉक्सेटीन गटात १०.७, इमिप्रामीन गटात ९.० आणि प्लासिबो गटात ९.१ गुण. पी व्हॅल्यू ०.२०. निष्क्रिय गोळी घेणारी मुलंही नऊ गुणांनी सुधारली होती! यातलं काही आशेमुळे आणि दर आठवड्याला कोणीतरी आस्थेने ऐकून घेतल्यामुळे. काही आजाराच्या स्वाभाविक चढउतारामुळे. आणि काही निव्वळ निवडीमुळे. अमुक गुणांपेक्षा वर असतील तरच मुलाला चाचणीत घेतलं, तर बरीच मुलं त्यांच्या वाईट आठवड्यात आत येतात आणि पुढच्या मोजणीत आपोआप सरासरीकडे सरकतात. केंद्राला मुलं भरायची घाई असेल तर सुरुवातीचे गुण नकळत थोडे चढेही लावले जातात. म्हणून तुलनेचा गट नसलेला, 'उपचारापूर्वी २६, उपचारानंतर १५' असा तक्ता कितीही देखणा असला तरी त्यावरून उपचाराबद्दल काहीच सांगता येत नाही.

आपल्याकडे शाळांमध्ये होणाऱ्या पाहण्यांत याच्या जोडीला परीक्षेचं वेळापत्रक येतं. दहावीच्या मुलांची चिंता फेब्रुवारीत मोजली, कार्यक्रम घेतला आणि एप्रिलमध्ये परत मोजली, तर चिंता उतरलेली दिसणारच. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपलेली असते.

नमुन्याचा आकार हा स्टडी ३२९ मधला त्या मानाने बरा भाग. हॅम-डीवर ४ गुणांचा फरक वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण, असं त्यांनी आधीच मानलं होतं. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते, १० धरलं, तर ४ भागिले १० म्हणजे परिणामाचा आकार ०.४. इथे एक झटपट सूत्र कामाला येतं. १६ ला परिणामाच्या आकाराच्या वर्गाने भागलं, की ८० टक्के पॉवरसाठी, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता मिळावी यासाठी, एका गटात किती जण हवेत ते कळतं. १६ भागिले ०.१६ म्हणजे १००. प्रत्यक्षात दिसलेला फरक १.६ गुणांचा, म्हणजे ०.१६. तेवढा बारीक फरक खरा आहे असं खात्रीने म्हणायचं, तर एका गटात ६२५ मुलं लागली असती. आणि १.६ गुण हे त्यांनीच अर्थपूर्ण मानलेल्या चार गुणांच्या निम्मेही नाहीत.

हेच सूत्र उलटं फिरवून बघा. पदव्युत्तर प्रबंधांत 'प्रत्येक गटात ३०' हा आकडा इतका रुळला आहे की त्याचं कारण कोणी विचारत नाही. ३० च्या गटात ८० टक्के पॉवरने पकडता येणारा सगळ्यात लहान परिणाम सुमारे ०.७३ असतो. बालमानसोपचारात इतका मोठा परिणाम विरळाच. म्हणजे उपचार खरंच चालत असला तरी असा प्रबंध बहुतेक वेळा 'फरक आढळला नाही' म्हणेल. आणि चुकून फरक सापडलाच, तर तो खऱ्यापेक्षा फुगलेला असेल, कारण लहान नमुन्यात फुगलेला फरकच ०.०५ ची रेषा ओलांडतो. आकार काढल्यावर गळतीसाठी वाढ करताना आणखी एक चूक होते. २० टक्के मुलं मध्येच सोडतील असा अंदाज असेल, तर १०० मध्ये २० मिळवून १२० करून भागत नाही. १०० ला ०.८ ने भागायचं, १२५ येतात.

गळती ही नुसती संख्येची अडचण नसते. मुलं का सोडून जातात, हे बघावं लागतं. स्टडी ३२९ मध्ये दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचं प्रमाण पॅरॉक्सेटीन गटात ९.७, प्लासिबो गटात ६.९ आणि इमिप्रामीन गटात तब्बल ३१.५ टक्के होतं. इमिप्रामीनचा डोस चढवत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची मुभा होती. तुलनेचं औषध इतक्या चढ्या डोसात दिलं, की त्याच्या शेजारी नवं औषध सौम्य दिसतं. सोडून गेलेल्या मुलाचा शेवटचा गुण आठव्या आठवड्यापर्यंत तसाच पुढे ओढायचा, ही त्या काळची रूढ रीत. तिसऱ्या आठवड्यात उलट्यांनी बेजार होऊन गेलेल्या मुलाचा तिसऱ्या आठवड्याचा गुण हाच त्याचा अंतिम निकाल धरायचा. ही पद्धत सोपी आहे, पण खरी नाही. आता वारंवार घेतलेल्या मोजण्यांसाठी, मुलाच्या सगळ्या भेटींतले गुण एकत्र धरणारी मिश्र प्रतिमानं वापरतात, किंवा अनेक वेळा अंदाज बांधून रिकाम्या जागा भरणारी मल्टिपल इम्प्युटेशन पद्धत. त्यांनाही एक गृहीतक लागतंच: मूल का गेलं, हे आपल्याकडच्या नोंदींवरून कळतं. म्हणून चांगला निबंध ते गृहीतक मोडून पाहतो. गेलेली सगळी मुलं बिघडली असं मानलं तर निकाल टिकतो का, हे तो दाखवतो. स्टडी ३२९ च्या पुनर्विश्लेषणात रिकाम्या जागा वेगवेगळ्या पद्धतींनी भरून पाहिल्या. पॅरॉक्सेटीनला फायदा कुठूनही निघाला नाही.

आता दुष्परिणाम. खरी इजा इथे झाली, म्हणून यावर जरा जास्त लिहितो आहे.

मूळ निबंधात पॅरॉक्सेटीन गटातल्या ११ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाल्याची नोंद होती. त्यांपैकी एक डोकेदुखीचा आणि बाकी दहा मानसिक स्वरूपाचे होते. त्या दहातल्या पाच मुलांची नोंद 'इमोशनल लॅबिलिटी', म्हणजे भावनांची अस्थिरता, या शीर्षकाखाली होती. या शीर्षकात आत्महत्येचे विचार आणि तसे प्रयत्नही सामावलेले होते. आणि उपचार करणाऱ्या संशोधकांच्या मते या ११ पैकी औषधाशी संबंधित घटना एकच होती, ती डोकेदुखी.

हे शीर्षक कुठून आलं? चाचणीत मुलाने किंवा पालकाने सांगितलेली तक्रार नोंदपत्रात त्यांच्याच शब्दांत लिहितात. नंतर ती एका ठरावीक शब्दकोशातल्या संज्ञेखाली घातली जाते. याला कोडिंग म्हणतात. इथे एडेक्स नावाचा जुना कोश वापरला होता. त्यात मानसिक घटना 'मज्जासंस्था' या मोठ्या गटात जात, आणि चक्कर आणि डोकेदुखीही त्याच गटात. डोकेदुखी सगळ्याच गटांत भरपूर असते, प्लासिबोतही. त्या गर्दीत थोड्याशा गंभीर मानसिक घटना मिसळल्या की टक्केवारीतला फरक विरून जातो. पुनर्विश्लेषण करणाऱ्यांनी मेड्रा हा आजचा कोश वापरला आणि मानसिक घटना वेगळ्या काढल्या. शिवाय तिन्ही गटांतल्या मिळून ९३ मुलांची मूळ नोंदपत्रं वाचली. एकूण कागद सुमारे ७७,००० पानांचे होते, आणि कंपनीने ते दूरस्थ संगणकाच्या एका पडद्यावरच बघू दिले. ९३ मुलांच्या नोंदी वाचायला सुमारे हजार तास गेले. त्यांना पॅरॉक्सेटीन गटातल्या ९३ पैकी ११ मुलांमध्ये आत्महत्येशी किंवा स्वतःला इजा करण्याशी निगडित घटना आढळल्या. ८७ मुलांच्या प्लासिबो गटात अशा घटना एक-दोनच.

म्हणून दुष्परिणामांच्या तक्त्यात फक्त टक्केवारी बघून थांबू नका. कोणता कोश वापरला? मूळ शब्द कुठे दिले आहेत का? दुष्परिणाम मुलाला नेमके प्रश्न विचारून नोंदवले, की त्याने आपणहून सांगितले तेवढेच? चौदा वर्षांचा मुलगा आईसमोर आपणहून सांगणार नाही की मरून जावंसं वाटतंय. त्याला एकट्याला, ठरलेल्या प्रश्नांनी, प्रत्येक भेटीत विचारावं लागतं. आजच्या चाचण्यांत त्यासाठी कोलंबिया श्रेणी वापरतात. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी कोणी काय करायचं, हेही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असावं लागतं. नैतिक समितीवर बसणाऱ्यांनी हे पान आधी उघडावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विरळ घटनांचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. शंभरात एका मुलाला होणारा दुष्परिणाम ९३ मुलांच्या गटात एकदाही न दिसण्याची शक्यता ३९ टक्के असते. तो निदान एकदा दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी, तर सुमारे ३०० मुलं लागतात. म्हणून 'एकही घटना आढळली नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. ९३ पैकी शून्य घटना असतील, तर खरा धोका सुमारे ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३ भागिले मुलांची संख्या, हे त्याचं सोपं सूत्र. याच कारणाने अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेला एकेक चाचणी सुटी बघून भागलं नाही. त्यांनी नऊ औषधांच्या २४ चाचण्या, ४,४०० हून अधिक मुलं एकत्र केली, आणि कोलंबिया विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडून प्रत्येक घटनेचं नव्याने वर्गीकरण करून घेतलं. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आणि प्लासिबोत २ टक्के निघालं. या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये सगळ्या नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आला. ब्रिटनच्या नियामकांनी तर जून २००३ मध्येच १८ वर्षांखालच्या मुलांना नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन देऊ नये असं सांगितलं होतं.

२ टक्क्यांवरून ४ टक्के हा आकडा दोन प्रकारे सांगता येतो. 'धोका दुप्पट झाला', किंवा 'औषध घेणाऱ्या दर ५० मुलांमागे एकाला जास्तीचा त्रास'. दोन्ही खरे. पालकांशी बोलताना दुसरा सांगावा आणि त्याच्या शेजारी फायद्याचा आकडाही त्याच मापात ठेवावा. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या टॅड्स या चाचणीत १२ ते १७ वयाची ४३९ मुलं होती. १२ आठवड्यांनी सुधारलेल्यांचं प्रमाण फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध आणि वर्तन-विचार उपचार (सीबीटी) दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के, नुसत्या फ्लुऑक्सेटीनवर ६१, नुसत्या वर्तन-विचार उपचारावर ४३ आणि प्लासिबोवर ३५ टक्के. प्लासिबोशी तुलना केली, तर नुसतं फ्लुऑक्सेटीन घेणाऱ्या दर चार मुलांमागे साधारण एकाला जास्तीचा फायदा. २०१६ मध्ये ३४ चाचण्यांतल्या ५,२६० मुलांची माहिती एकत्र करून १४ औषधं तपासली गेली, तेव्हाही प्लासिबोपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं ते एकटं फ्लुऑक्सेटीन. म्हणून स्टडी ३२९ वाचून 'मुलांना मानसिक आजाराची औषधं देऊच नयेत' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. आणि मुलाचं चालू औषध मनाने एकदम बंद करणं तर धोक्याचं. पहिले काही आठवडे आणि डोस बदलतानाचे दिवस नीट लक्ष ठेवायचं, शंका आली की लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच गाठायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक चालू असतो.

औषधांव्यतिरिक्तच्या उपचारांकडे वळलं की आकडेशास्त्राची तऱ्हा थोडी बदलते. शाळेतल्या कार्यक्रमात, कोण कोणत्या गटात जाणार याची चिठ्ठी मुलाच्या नावाची नाही, शाळेच्या नावाची काढतात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तोच परिसर, तीच भांडणं. त्यामुळे १०० मुलांची शाळा १०० स्वतंत्र मुलांइतकी माहिती देत नाही. किती कमी देते, तेही काढता येतं. शाळेतल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, त्याला शाळेअंतर्गत सारखेपणाच्या गुणांकाने गुणा आणि १ मिळवा. १०० मुलं आणि ०.०२ इतका किरकोळ गुणांक धरला तरी २.९८ येतात. मुलांची संख्या या आकड्याने भागायची, म्हणजे ६,००० मुलं मोजूनही खरी माहिती सुमारे २,००० मुलांइतकीच. हा भागाकार न करता विश्लेषण केलं की पी व्हॅल्यू खोटी लहान येते. आणि एका शाळेत कार्यक्रम, दुसऱ्या शाळेत नाही, अशी दोन शाळांची तुलना असेल, तर मुलं कितीही असोत, फरक कार्यक्रमाचा की शाळेचा हे सांगायचा मार्गच उरत नाही.

या बाबतीत आपल्याकडचं काम अभिमानाने दाखवावं असं आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सेहेर ही चाचणी केली. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, तीन गट, नववीची सुमारे १३,००० मुलं. तोच कार्यक्रम एका गटात गावातून निवडून प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी राबवला, दुसऱ्यात शाळेतल्याच शिक्षकांनी, आणि तिसऱ्यात नेहमीचं जीवनकौशल्य शिक्षण चालू राहिलं. समुपदेशकांच्या गटात शाळेचं वातावरण ठळकपणे सुधारलं. शिक्षकांच्या गटात नियंत्रण गटापेक्षा फरक पडला नाही. 'शिक्षकांनाच दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या' असा आदेश काढण्याआधी वाचण्यासारखा हा निकाल आहे.

याच संस्थेची दिल्लीतल्या सरकारी शाळांतली प्राइड चाचणी स्टडी ३२९ च्या शेजारी ठेवून वाचावी. २५१ मुलं. एका गटाला समुपदेशकाच्या मदतीने समस्या सोडवण्याची छोटी सत्रं आणि पुस्तिका, दुसऱ्याला नुसत्या पुस्तिका. प्रायमरी आउटकम दोन, सहा आठवड्यांनी मोजायचे. पहिला एसडीक्यू या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीतल्या अडचणींचा एकूण गुण. तो ० ते ४० असतो आणि परोपकारी वृत्तीचे पाच प्रश्न त्यात धरत नाहीत. दुसरा 'टॉप प्रॉब्लेम्स', म्हणजे मुलाने स्वतः नाव दिलेल्या तीन मुख्य अडचणींना दिलेले ० ते १० गुण. दुसऱ्यावर फरक पडला, परिणामाचा आकार ०.३६. पहिल्यावर ०.१६, आणि तो महत्त्वाचा ठरला नाही. २०२० मध्ये लॅन्सेटच्या बाल-किशोर आरोग्य नियतकालिकात हे दोन्ही आकडे सारांशातच शेजारी-शेजारी छापले आहेत. लपवालपवी नाही, नवी व्याख्या नाही. वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं की मुलाने मांडलेली अडचण हलकी होणं पुरेसं आहे की नाही. माझ्या मते समस्या सोडवणं हाच उपचार असेल, तर ते योग्य माप आहे. पण ते माप उपचाराच्या फार जवळ बसतं, म्हणून उदार निकाल देतं, हेही धरून चालावं.

हे सगळं स्वतः तपासायला फार वेळ लागत नाही. निबंधाच्या सारांशाखाली किंवा पद्धतीच्या भागात नोंदणी क्रमांक असतो. भारतात तो सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. औषध-चाचण्यांसाठी १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. क्रमांक टाकून पान उघडा. नोंदणीची तारीख आणि पहिलं मूल घेतल्याची तारीख शेजारी ठेवा. प्रायमरी आउटकममध्ये मापाचं नाव, मोजण्याचा आठवडा आणि माहिती कोणाकडून घ्यायची, या तिन्ही गोष्टी आहेत का बघा. 'नैराश्यात सुधारणा' एवढंच लिहिलेलं असेल, तर नंतर काहीही त्यात बसवता येतं. मग नोंदीत वेळोवेळी केलेले बदल बघा, विशेषतः मुलांची भरती संपल्यानंतर केलेले. शेवटी निबंधातला मुख्य तक्ता उघडा आणि नोंदीतलं पहिलं माप त्यात कितव्या ओळीवर आलं आहे ते शोधा.